हात हलत नसला तरी नकाशा निघतो

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पंधरवड्यापूर्वी आपल्या रविवार पुरवणीत मेंदूचा कोणता भाग कोणते काम करतो हे दाखवणाऱ्या, शस्त्रक्रियेआधी काढायच्या नकाशांवर लेख आला होता. मी तो दोनदा वाचला, नंतर धाकट्या भावाला मोठ्याने वाचून दाखवला. अशा विषयाला मराठी दैनिकाने अर्धे पान दिले याचा आनंद झाला. मात्र त्यातली दोन विधाने तशीच राहू नयेत असे वाटते. 'हे यंत्र मनातले विचार वाचते' हे एक, आणि 'आता हात-पाय लुळे पडण्याची भीती संपली' हे दुसरे. शिवाय हात दुबळा झालेल्या ज्या रुग्णाला या नकाशाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याविषयी लेखात एक ओळही नव्हती. तो रुग्ण आमच्या घरात आहे, म्हणून लिहायला बसले.

मी गोव्यातल्या माशेलची. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले. आमच्या घरात वडिलांपासून गणपतीची चित्रशाळा चालते. घरात आम्ही तिला नुसती 'शाळा' म्हणतो. वडिलांमागून ती भावाने सांभाळली. चिकणमातीच्या मूर्ती तोच घडवतो, रंगवतो, आणि सर्वांत शेवटचे काम, डोळ्यांची आखणी, तर त्याच्याशिवाय कोणी करायचे नाही असा घरचा शिरस्ता होता.

दोन वर्षांपूर्वी आषाढात, गावात चिखलकाल्याच्या उत्सवाची गडबड चाललेली असताना, तो शाळेत एका मूर्तीला हात देत बसला होता. उजवा अंगठा आपोआप थरथरू लागला. मग बोटे, मनगट, कोपर, आणि शेवटी ओठाचा उजवा कोपरा. सगळे मिळून दीड-दोन मिनिटे. शुद्ध हरपली नाही. मूर्ती खाली पडू नये म्हणून त्याने ती डाव्या हाताने पोटाशी धरून ठेवली होती. थरथर थांबल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "बाय, हो हात म्हजोच न्हय अशें दिसता."

पुढे कळले की अंगठ्यापासून ओठापर्यंत चढत गेलेली ती आकडी म्हणजे मेंदूने आपल्या हाताने काढून दिलेला पहिला नकाशा होता. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी अशाच आकड्या नीट पाहिल्या. शरीरावर त्या ठरावीक वाटेने सरकतात, तर मेंदूतही हात, चेहरा, पाय यांच्या जागा शेजारी शेजारी असल्या पाहिजेत, असे त्यांनी ताडले. १८७० मध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोन जर्मनांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागाला बारीक विद्युतप्रवाह लावला आणि विरुद्ध बाजूचा पाय हलताना पाहिला. त्यानंतर मॉन्ट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफील्ड. रुग्णाला फक्त जागेपुरती भूल देऊन, तो जागा असताना, त्यांनी मेंदूला ठिकठिकाणी प्रवाह लावून काय हलते, काय जाणवते याची नोंद केली. १९३७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह ती छापली. त्या नोंदींवरून काढलेला बाहुला आज वैद्यकीच्या प्रत्येक पुस्तकात असतो: ओठ आणि जीभ मोठी, पंजा प्रचंड, अंगठा त्याहून ठसठशीत, पाठ आणि पाय एवढेसे. मुंबईत डॉक्टरांच्या खोलीत भिंतीवर ते चित्र होते. भाऊ बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "प्रमाण बरोबर आहे. काम करणाऱ्याला हात एवढाच वाटतो."

मुंबईपर्यंत आम्ही कसे पोचलो तेच सांगायचे आहे, कारण ते पोचणे टळू शकले असते.

पहिल्या एमआरआयमध्ये, म्हणजे चुंबकाच्या यंत्राने काढलेल्या चित्रात, डाव्या मेंदूत, कपाळाकडच्या भागाच्या मागच्या कडेला, गाठ दिसली. उजवा हात डावा मेंदू चालवतो. मेंदूच्या मध्यातून आडवी एक खोल खाच जाते. तिच्या पुढची वळी हालचालीची आणि मागची स्पर्शाची. पुढच्या वळीत हाताची जागा धडधाकट मेंदूत मुठीसारख्या फुगवट्यावरून ओळखता येते. भावाच्या चित्रात तो फुगवटा सापडत नव्हता. गाठ आणि तिच्याभोवतीची सूज यांनी वळ्या दाबून, सरकवून टाकल्या होत्या. गाठ हाताच्या जागेच्या पुढे आहे, की तिच्यात शिरली आहे, की तिने ती मागे लोटली आहे, हे साध्या चित्रावरून कोणाला सांगता येईना. तेवढ्यावर सगळे अवलंबून होते. गाठ पुढे असेल तर बरीचशी काढता येईल, शिरलेली असेल तर काढताना हात जाईल.

यासाठी 'फंक्शनल एमआरआय' करा असे सांगण्यात आले. तो आम्ही इथल्याच एका खाजगी केंद्रात केला. केंद्राचे नाव लिहीत नाही. तिथली माणसे वाईट नव्हती आणि त्यांना जे शिकवले होते तेच त्यांनी केले.

या चाचणीची नेहमीची पद्धत अशी: रुग्ण यंत्रात झोपतो, समोरच्या पडद्यावर खूण आली की अर्धा मिनिट उजव्या हाताची बोटे अंगठ्याला लावत राहतो, मग अर्धा मिनिट थांबतो, पुन्हा बोटे हलवतो. असे पाच-सहा वेळा. बोटे हलतात तेव्हा मेंदूच्या त्या भागात ताजे रक्त जास्त येते. प्राणवायू घेतलेले रक्त आणि प्राणवायू दिलेले रक्त चुंबकात वेगळे वागते, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवून दिले होते. त्या फरकावर यंत्र चित्र काढते. हलवल्याच्या चित्रांतून थांबल्याची चित्रे वजा केली की हाताची जागा उमटते. पद्धत उत्तम आहे. पण ती धरून चालते की रुग्ण बोटे हलवू शकतो.

तोपर्यंत भावाच्या उजव्या हातातली ताकद उतरली होती. शर्टाचे बटण लागत नव्हते. पडद्यावर खूण आली की तो जीव तोडून प्रयत्न करी. बोटांऐवजी खांदा उचलला जाई, नकळत डावी मूठ आवळली जाई, आणि त्या धडपडीत डोके हले. डोके एक-दोन मिलिमीटर सरकले तरी ही चित्रे बिघडतात. तंत्रज्ञ आतल्या ध्वनिक्षेपकावरून सांगत होता, 'हाथ हिलाइए, सिर मत हिलाइए'. पाऊण तासाने तो बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता, आणि परीक्षेत नापास झालेल्या पोराचा चेहरा घेऊन बसला. ते चेहरे मी आयुष्यभर पाहिले आहेत. अहवालात एक ओळ होती: रुग्णाने सूचनांचे पुरेसे पालन न केल्याने चाचणीतून निष्कर्ष काढता येत नाही.

संपादक महोदय, त्या ओळीसाठी हे पत्र आहे. पालन केले नाही! ज्या हातासाठी नकाशा काढायचा होता, तो हात दुबळा झाला म्हणून नकाशा मिळाला नाही, आणि दोष लिहिला गेला रुग्णाच्या नावावर. पंधरा दिवस तो त्या ओळीवर झुरत होता. 'मी अजून नेट लावायला हवा होता,' असे रात्री उठून भावजयीला म्हणे. सूज उतरवायला दिलेल्या डेक्सामेथासोनने झोप उडाली होती आणि साखरही चढली होती. तशा अवस्थेत मांडवी एक्स्प्रेसने करमळीहून आम्ही मुंबईला गेलो. दिवसभर गाडीत मी त्याच्या शेजारी बसून एकच पाहत होते, अंगठा थरथरतो की काय.

तिथल्या रेडिऑलॉजिस्ट बाईंनी आधीचा अहवाल वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "यांना काहीच करायला सांगायचे नाही. नुसते पडून राहू दे." भाऊ पुन्हा यंत्रात गेला. या वेळी सूचना एवढ्याच: डोळे उघडे ठेवा, समोरच्या फुलीकडे बघा, झोपू नका, कशावर जोर देऊ नका. दहा मिनिटे. भाऊ बाहेर आला आणि विचारू लागला, चाचणी कधी सुरू होणार?

याला 'रेस्टिंग स्टेट' म्हणजे विश्रांत अवस्थेतला फंक्शनल एमआरआय म्हणतात. पडून राहिलेल्या माणसाच्या मेंदूत हाताची जागा कशी सापडते, हे मलाही आधी उमगेना. बाईंनी कागदावर रेघा काढून समजावले. घरी परतल्यावर मी ते आमच्या गावच्या पाण्यावर बसवून पाहिले, आणि भावाला, शेजाऱ्यांना त्याच रीतीने सांगते.

माशेलहून जवळच कुंभारजुवेचा कालवा आहे. तो मांडवीला आणि जुवारीला जोडतो. समजा कालव्यात एके ठिकाणी एक काठी रोवली, दोन कोसांवर दुसरी, आणि देवळाच्या तळीत तिसरी. दिवसभर तिन्हींवरच्या पाण्याच्या खुणा लिहून ठेवल्या. कालव्यातल्या दोन काठ्यांवर पाणी जोडीने चढेल, जोडीने उतरेल. तळीतली काठी त्यांच्यात सामील होणार नाही. होडी वल्हवायला नको, पाण्यात उतरायलाही नको. नुसते बसून पाहिले तरी कळते की पहिल्या दोन जागा एकाच पाण्याच्या आहेत.

मेंदूत अशीच भरती-सुकती चालू असते. माणूस स्वस्थ पडलेला असतानाही मेंदू स्वस्थ नसतो. वजनाने शरीराच्या दोन टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे वीस टक्के ऊर्जा घेतो, आणि आपण बोटे हलवली किंवा गणित केले तर त्यात थोडीशीच भर पडते. बाकीचा खर्च आतल्या आत अखंड सुरू असतो. यंत्र दर दोन-तीन सेकंदांनी अख्ख्या मेंदूचे चित्र घेते. दहा मिनिटांत दोन-तीनशे चित्रे होतात. प्रत्येक चित्र तांदळाच्या दाण्याएवढ्या हजारो ठोकळ्यांचे. प्रत्येक ठोकळ्यातला रक्ताचा संकेत संथपणे वरखाली होत असतो, एका चढउताराला दहा सेकंद किंवा जास्त. जे भाग एका कामाचे, त्यांचे चढउतार जोडीने चालतात. उजव्या मेंदूतली हाताची जागा आणि डाव्या मेंदूतली हाताची जागा दोन कोसांवरच्या काठ्यांसारख्या एकत्र चढतात, एकत्र उतरतात.

हे पहिल्यांदा दाखवले भरत बिस्वाल या भारतीय वंशाच्या संशोधकाने, १९९५ मध्ये, अमेरिकेत मिलवॉकीला, तेही विद्यार्थिदशेत. यंत्रात माणसांना काही न करता पडून राहायला सांगितले असताना जो संकेत मिळतो, तो तोवर बहुतेकांच्या लेखी यंत्राचा, श्वासाचा, नाडीचा गोंगाट होता. त्या गोंगाटात दोन्ही बाजूंचे हालचालीचे भाग एकमेकांशी बांधलेले आहेत हे त्यांनी दाखवले. माझ्या शाळेतल्या मुलांना हे नाव मी सांगू शकले नाही याची आता चुटपुट लागते. मला तेव्हा ठाऊकच नव्हते.

भावाच्या बाबतीत बाईंनी केले ते असे. उजवा मेंदू निरोगी होता. तिथे हाताच्या जागेवर त्यांनी खूण धरली. मग संगणकाला विचारले, या ठोकळ्याच्या चालीने डाव्या मेंदूत कोण चालते? गाठीच्या मागे, नेहमीच्या जागेपासून बोटभर मागे आणि खाली सरकलेला एक पट्टा उजळला. गाठीने हाताची जागा गिळली नव्हती, लोटली होती. ते चित्र पाहून भाऊ रडला. जो हात त्याला आपला वाटेनासा झाला होता, तो आत शाबूत होता. बटण लागत नव्हते तरी आतला हात अजून जोडीदाराच्या तालावर हलत होता.

आता पुरवणीतल्या दोन विधानांविषयी.

यंत्र विचार वाचत नाही. भाऊ दहा मिनिटे पडून काय आठवत होता, चवथीच्या ऑर्डरी की मुलाची फी, हे त्या चित्रांत कुठेही नव्हते. सापडले ते एवढेच, की मेंदूचे कोणते भाग जोडीने चालतात. हे स्पष्ट सांगायला हवे, कारण या समजुतीने माणसे घाबरतात. आमच्याच वाड्यावरच्या एका वयस्क गृहस्थांनी भावाला विचारले होते, 'ते चुंबक डोक्यातले काढून घेत नाही ना?' पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. कांदोळीच्या या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये ठासून सांगितले की संमोहनात प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून कोणतीही चुंबकशक्ती बाहेर पडत नाही. जे घडते ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनात घडते. त्यांच्या गोव्यात तरी चुंबकाविषयी नसते भय पसरू नये.

दुसरे विधान अधिक धोक्याचे आहे. भीती संपलेली नाही. हा नकाशा अंदाज देतो, ग्वाही देत नाही, आणि हे बाईंनी आम्हाला चित्र दाखवण्याआधी सांगितले होते.

पुन्हा पाण्याकडे येते. आमच्या खाडीकाठच्या खाजन शेतांना बांध असतात आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची वाट राखणारे दार, असते. भरती आली की मानशीची दारे पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटतात, खारे पाणी शेतात शिरत नाही. सुकतीला दारे उघडतात. आता शेतात काठी रोवून कोणी पाहिले तर भरतीचा मागमूस दिसणार नाही. म्हणून भरती आलीच नाही असे म्हणता येईल का? गाठीच्या आसपास रक्तवाहिन्यांचे असेच होते. मेंदूच्या पेशी काम करत असतात, पण आजारी रक्तवाहिन्या त्यांच्या हाकेला नेहमीसारखे रक्त देत नाहीत. मग संकेत उमटत नाही. चित्रात जागा काळी दिसली म्हणून ती रिकामी आहे असे समजून कापायला जाणे घातक ठरेल. बोटे हलवायच्या चाचणीलाही हीच अडचण आहे, कारण दोन्ही चाचण्या रक्तावरूनच अनुमान करतात.

आणखी आहे. कालव्यातून मालवाहू बार्ज गेली की लाटा सगळ्याच काठ्यांवर आदळतात. तसे श्वास, नाडी, डोक्याची हालचाल यांनी सगळ्या मेंदूचा संकेत एकदम हलतो. ते वेगळे काढले नाही तर नसती नाती दिसतात. शिवाय हालचालीची वळी आणि तिच्यामागची स्पर्शाची वळी विश्रांतीत बरोबरच चढउतार करतात, म्हणून या नकाशात दोन्ही एकत्र उमटतात. त्या निवडायला शरीररचनेची जाण असलेला डोळा लागतो. शेवटचे म्हणजे, कवटी उघडल्यावर मेंदूभोवतालचे पाणी वाहून जाते, मेंदू थोडा बसतो, सरकतो. आधी काढलेला नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांत फरक पडतो.

म्हणून पेनफील्डांची रीत आजही शेवटचा शब्द आहे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर मेंदूला विजेने विचारायचे. भावाला पूर्ण भूल दिली होती. अंगठा, मनगट, दंड, पाय यांच्या स्नायूंत बारीक तारा लावल्या होत्या. सर्जन एकेका जागेला प्रवाह लावत आणि स्नायूंकडून उत्तर येते का ते पडद्यावर पाहत. विश्रांतीतला नकाशा त्यांना कुठून विचारायला सुरुवात करायची ते सांगत होता. अमेरिकेतल्या सेंट लुईस आणि बॉस्टनच्या संशोधक गटांनी २००९ मध्ये मोजक्या रुग्णांवर हा नकाशा आणि विजेची तपासणी ताडून पाहिली होती, आणि हालचालीच्या भागांपुरता दोन्हींचा मेळ चांगला बसला. तेव्हापासून जगात बऱ्याच ठिकाणी तो वापरात आला. पण त्याने विजेची तपासणी रद्द केलेली नाही.

भावाच्या गाठीची मागची पातळ कड सर्जननी मुद्दाम ठेवली, कारण तिथे प्रवाह लावताच अंगठ्याने उत्तर दिले. गाठ ग्रेड २ ची, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या प्रकारची, निघाली. पुढे रेडिएशन झाले, आता ठरल्या वेळी एमआरआय होतो. शस्त्रक्रियेनंतर तीन आठवडे उजवा हात आधीपेक्षाही लुळा होता आणि त्या तीन आठवड्यांत घरात कोणी मोठ्याने बोललेले मला आठवत नाही. मग अंगठा परतला, एकेक बोट परतले. आज तो माती मळतो, साचा नसलेली मूर्ती उभी करतो. आखणी मात्र नाही. कुंचल्याचे टोक अजून डळमळते. नकाशा नसता तर हात गेला असता असे मी म्हणणार नाही. सर्जनही तसे म्हणाले नाहीत. एका माणसाच्या हातावरून एवढे ठरवता येत नाही. पण नकाशा पाहूनच त्यांनी गाठ काढायला हात घातला, हे त्यांनी आम्हाला स्वच्छ सांगितले. आधीच्या कोऱ्या अहवालावर कोणी नुसता तुकडा तपासायला घेऊन थांबला असता तर त्यालाही दोष देता आला नसता.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर पाच वर्षांचे पोर होते. त्याला 'आता बोटे हलव, आता थांब' हे खडखडणाऱ्या अंधाऱ्या बोगद्यात कोण सांगणार? त्याला हलकी भूल देऊन हीच चाचणी केली. भुलेच्या औषधाने संकेत बदलतो, कधी क्षीण होतो, ते डॉक्टरांना ध्यानात घ्यावे लागते; तरीही झोपलेल्या मेंदूत जोड्या चालू राहतात. तेव्हा मला सत्तरी-केपे तालुक्यांतल्या म्हाताऱ्या आठवल्या, ज्यांना कोंकणीशिवाय भाषा नाही आणि ज्यांना यंत्रातून हिंदीत, इंग्रजीत हुकूम येतील. ऐकू न येणारी माणसे आठवली. ज्यांची अर्धी बाजू आधीच गेली आहे ती आठवली. या सगळ्यांच्या अहवालावर 'पालन केले नाही' असे लिहिले जाऊ शकते.

माझे मागणे आहे ते हे. या चाचणीसाठी वेगळे यंत्र लागत नाही. मेंदूचा फंक्शनल एमआरआय ज्या यंत्रावर होतो, त्याच यंत्रावर त्याच बैठकीत ही दहा-पंधरा मिनिटे घेता येतात. अवघड आहे ते पुढचे: चित्रांतला गोंगाट काढणे, खूण योग्य जागी धरणे, निकाल जोखणे. त्याला शिकलेली माणसे लागतात आणि ती प्रत्येक गावात असणार नाहीत. पण चित्रे तारेवरून जातात. मग आजारी माणसाने कशाला जायचे? चित्रे गोव्यात घ्यावीत, विश्लेषण जिथे जाणकार आहेत तिथे व्हावे, आणि नकाशा परत यावा. आमच्या माणसाने सुजलेला मेंदू घेऊन दिवसभर गाडीत बसायला नको. ज्या गोव्यात १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा उभी राहिली, तिथे एवढी व्यवस्था बसवणे अशक्य नाही. आरोग्य खात्याने एक करावे: राज्यात कुठे कुठे विश्रांत अवस्थेतला हा स्कॅन घेण्याची सोय आहे आणि तो सरकारी आरोग्य योजनेत धरला जातो का, हे जाहीर करावे. आपल्या दैनिकाने ते विचारावे आणि छापावे. लेखकानेही पुढच्या लेखात दुबळ्या हाताच्या रुग्णाला जागा द्यावी.

आणि ज्या घरात आज असा अहवाल येऊन पडला असेल, त्यांना माझे सांगणे: डॉक्टरांना विचारा, 'हात हलवल्याशिवाय नकाशा निघेल का?' एवढेच वाक्य. आम्हाला ते कोणी आधी दिले नाही. उत्तर 'तुमच्या बाबतीत उपयोग नाही' असेही येईल. गाठ हालचालीच्या जागेपासून दूर असेल, किंवा सर्जन टेबलावरच्या तपासणीवर भिस्त ठेवणार असतील. ते उत्तर मानावे. पण प्रश्न रुग्णाच्या तोंडी असावा. आणि अहवालावर 'पालन केले नाही' असे लिहिले असेल तर ते रुग्णाला वाचून दाखवू नये.

माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. दोन्ही स्कॅनच्या सीडी, बाईंनी रेघा काढलेला कागद आणि सगळे अहवाल मी जपून ठेवले आहेत. कोणाला पाहायचे असतील तर पत्ता जरूर द्यावा. चवथीपर्यंत आम्ही सकाळपासून रात्री नऊपर्यंत शाळेतच असतो. भाऊ माती मळत असतो. समोर भाचा आखणीला बसतो, आणि त्याचा हात घाईला आला की भाऊ त्याला थांबवून कुंचला पुन्हा धुवायला लावतो.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल
(नाव व पत्ता संपादकांकडे)